गरजवेट

पिंपरी पेंढार,
८ जुलै २००१

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. रात्रपाळी संपली हे वाचल्यावर आईनं पत्र कपाळाला लावलं. इकडे सगळं ठीक आहे. वांग्यांना कीड लागली आहे. चिंगी शेळीला दोन करडं झाली. त्यातलं एक काळं आहे आणि सारखं ओरडतं, म्हणून आई म्हणते ते तुझ्यावर गेलंय.

आता खरी बातमी. मला काम मिळालं. शाळेतलं नाही. त्यासाठी डी.एड. लागतं, हे मला बी.ए. झाल्यावर कळलं. ओतूरच्या हौशीराम नानांकडे मी लेखनिक म्हणून जाते आहे. तू पुस्तकं वाचत नाहीस म्हणून सांगते. नाना विनोदी कादंबऱ्या लिहितात, पण तो विनोद गुदगुल्या करणारा नव्हे. त्यांच्या कादंबरीत सरपंच, चेअरमन, हेडमास्तर असे काही सापडतात की दुसऱ्या दिवसापासून बाजारात लोक त्यांना पुस्तकातल्याच नावानं हाक मारतात. एक सरपंच चिडून भांडायला घरी आला होता. नाना त्याला म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हाला वाचता येतं हे आज गावाला कळलं."

त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. पेन धरलं की कागदावर मुंग्या पळाल्यासारखं उमटतं. म्हणून ते पलंगावर बसून सांगतात आणि मी लिहिते. पहिल्याच दिवशी म्हणाले, हात थरथरतो म्हणजे मी भ्यालो असं लोकांना वाटायला नको, म्हणून तुला ठेवलं.

दादा, मला किती आनंद झालाय ते तुला कसं सांगू. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की उपहास हे दुबळ्यांचं हत्यार असतं. ज्यांच्यासमोर आपले आजोबा चपला काढून उभे राहायचे, त्यांना नाना एका वाक्यात उघडं पाडतात आणि ते वाक्य माझ्या अक्षरात छापखान्यात जातं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या लिखाणानं समाज बदलेल. ते म्हणाले, "जरा दमानं बदलू दे, पोरी. सगळाच सुधारला तर मी लिहू कशावर?" भेटायला आलेली माणसं हसली. मीही हसले.

त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, नानांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. नाना म्हणतात, म्हणून तर संसार टिकला. काल मी चपला घालत होते तेव्हा सरूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरचं काय बोलत जाऊ नगं गं त्यांच्याम्होरं." जुन्या वळणाची बाई आहे. तिला वाटत असेल मी चहाड्या सांगते.

आईला माझं काम समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं नुसतं बोलायचं आन् दुसऱ्यानं लिवायचं? मंग म्या इतकी वर्सं फुकाटच बोलले की."

तब्येतीला जप.

तुझी,
तेजस्विनी


पिंपरी पेंढार,
२३ डिसेंबर २००१

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. कळंबचे पाहुणे येऊन मला बघून गेले. मुलगा एस.टी.त कंडक्टर आहे, बोलायला सरळ वाटला. त्यांना मी पसंत आहे. त्याच्या थोरल्या बहिणीचं उरकलं की आपलं करू, असं त्याचे वडील म्हणाले. आई त्या दिवसापासून एस.टी. दिसली की पदर सावरते.

नानांचं पुस्तक मध्येच अडलं होतं. ते दिवस दिवस गप्प बसायचे, सरूबाईंवर करवादायचे. मलाच अपराधी वाटायचं, जणू माझंच अक्षर चालत नव्हतं. एकदा त्यांचं मन रमावं म्हणून मी आपल्या घरातली गंमत सांगितली. माझा निकाल लागला, मी ग्रॅज्युएट झाले, तेव्हा आई चिंगीला खुंट्याजवळ उभं करून म्हणाली होती, "चिंगे, आता तेजीम्होरं लेंड्या टाकायच्या न्हाईत. गरजवेट हाय ती."

नाना आधी नुसते बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. मग ते ताठ बसले आणि म्हणाले, "गरज आहे आणि वेट करतोय, तो गरजवेट. अगं, तुझ्या आईनं सरकारचं सगळं रोजगाराचं धोरण एका शब्दात सांगितलं." पुस्तक तिथून सुटलं. त्याचं नावच आता 'गरजवेट' आहे. मी आईला सांगितलं की तुझा शब्द पुस्तकाचं नाव झालाय. तिनं ते शेजारच्या धोंडाबाईला सांगितलं आणि धोंडाबाईनं वस्तीला.

तेव्हापासून जाताना मी रोज काहीतरी घेऊन जाते. जीपमध्ये बसल्या बसल्या मनात जुळवते: आधी काय सांगायचं, कुठं थांबायचं, आईचा कोणता शब्द शेवटी ठेवायचा. नाना म्हणतात माझ्यात विनोद आहे. दादा, मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. अभ्यासू आहे, गरीब आहे, गुणी आहे, एवढंच म्हणायचे.

कादंबरीत आता एक आई आहे. मी नानांना म्हटलं, निदान आईचं नाव बदला. ते म्हणाले, "बदललं की. द्रौपदा होतं, त्याचं कुंती केलं. पिढीच बदलली." मला हसू आलं. हसू आलं म्हणून पुढे काही बोलता आलं नाही.

एक प्रकरण लिहिताना माझा हात थांबला. नानांनी विचारलं, तुलाही कंप सुटला काय. मी लिहिलं. त्याबद्दल पुढं कधीतरी सांगेन.

काळं करडू आता खुंटा उपटून पळतं.

तुझी,
तेजस्विनी


पिंपरी पेंढार,
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझी पत्रं मिळाली. मी उत्तर दिलं नाही कारण तू प्रत्येक पत्रात कळंबचं विचारतोस. ते मोडलं. पुस्तक पावसाळ्याच्या आधी बाहेर आलं आणि पावसाळ्यात मुलाचे वडील दोन नातेवाईक घेऊन आपल्याकडे आले. चहा घेतला, चांगलं बोलले. जाताना अंगणात चिंगीपाशी थांबले आणि म्हणाले, "ही पन बी.ए. का? धाकट्यासाठी बघून ठेवतो मंग." बरोबरचे हसले. आईसुद्धा हसली, पाहुण्यांचा मान म्हणून. नकाराचा निरोप मागाहून आला. आई अजून विचारते, पुरणात गूळ कमी पडला व्हता का.

तुला कळायला हवं म्हणून पुस्तकात काय आहे ते सांगते. कुंतीची मुलगी बी.ए. होते. कुंती गावभर गरजवेट गरजवेट करत फिरते. मग मुलीचा पदवीचा कागद शेळी खाते. कुंती म्हणते, इद्या पोटात गेली म्हंजे शेळीच गरजवेट झाली, आणि दावं धरून शेळीला नोकरीच्या मुलाखतीला घेऊन जाते. साहेब विचारतो, अनुभव काय. शेळी लेंड्या टाकते. साहेब म्हणतो, कामाला कधीपासून येता. फार हुशारीनं लिहिलंय. ओतूरच्या स्टँडवर कंडक्टरसुद्धा एकमेकांना वाचून दाखवतात. पुण्याच्या पेपरात छापून आलं की व्यवस्थेवर इतकं जहरी कुणी लिहिलं नव्हतं. व्यवस्था कुठं राहते ते मला माहीत नाही. आपण पिंपरी पेंढारला राहतो.

वाटेवर पोरं आईला कुंतीबाई म्हणून हाका मारतात, मागून शेळीसारखं ओरडतात. आईला वाटतं पुस्तकात आल्यामुळे आपलं नाव झालं. ती वळून त्यांना विचारते, "आरं तुमच्या आया बऱ्या हायेत ना?"

एका दुपारी शेंगा फोडताना ती म्हणाली, समद्यांनी वाचलं, मलाच ठावं न्हाय त्यात काय हाय, वाच की. मी वाचून दाखवलं. तिला फार आवडलं.

खोटं कशाला लिहू. पान माझ्यासमोर उघडं होतं, पण मी त्यातलं वाचत नव्हते. माझी कुंती दुसऱ्यांच्या शेतात खुरपून मुलीला शिकवते. तिचे हात बघून हेडमास्तर खुर्चीवरून उठून उभे राहतात. शेवटी विद्यापीठ मुलीच्या कागदावर आईचंही नाव सोनेरी अक्षरात छापतं. मी पानं नीट उलटत गेले. आई शेंगा फोडायची थांबली होती. म्हणाली, "लई मोठा मानूस. आपल्याला कदी भेटला न्हाय, आन् बघ कसं आतलं कळलं त्याला."

आता ओतूरच्या मंगल कार्यालयात नानांचा सत्कार आहे आणि नानांनी आईला स्टेजवर बोलावलं आहे. मी त्यांच्यापुढे हात जोडले. तिला नका बोलावू म्हटलं. का ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, त्यांना सगळं कळतं. ते म्हणाले, "मूळ प्रत हयात असताना लोकांना नुसती छापील दाखवू?" बसलेले हसले. या वेळी मी हसले नाही, तर नाना म्हणाले, हिच्यातला विनोद आटला वाटतं.

आईला म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, "आगं, शाल घालणार म्हनत्यात. माज्या आंगावर कुनी घातलीया कवा शाल? थंडीत बी न्हाय." तिनं तुझ्या लग्नातलं लुगडं उन्हात टाकलंय.

खरं सांगितलं तर मी वाचलेलं खोटं होतं हेही सांगावं लागेल. रोज ठरवते. तुला सुट्टी मिळाली तर ये. तुझ्यासमोर कदाचित मला जमेल.

तेजस्विनी


पिंपरी पेंढार,
६ जानेवारी २००३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुला सुट्टी मिळाली नाही हे बरंच झालं. तुझ्या कानावर काहीबाही आलंय असं तू लिहिलंस. काय झालं ते मीच सांगते.

कार्यालय भरलं होतं. नानांच्या शेजारच्या खुर्चीवर आईला बसवलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, पाय जुळवून. शाल घातली, नारळ दिला. मग सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, साक्षात कुंतीबाईंनी दोन शब्द बोलावेत. मला वाटलं ती लाजून नाही म्हणेल. ती उठली. तुला माहीत आहे, बोलायला ती कधी घाबरली नाही.

ती म्हणाली, "मला वाचाया येत न्हाय, पर तेजीनं समदं वाचून दावलं. नानांनी लिवलं का, कुंतीचं हात बघून हेडमास्तर उबं ऱ्हायलं. आन् लेकीच्या कागदावर आयचं नाव सोन्यानं छापलं. आसं कुनी आमाला लिवलं न्हवतं. तुमचं लई उपकार हायेत."

पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं होतं. आधी कुणाला कळलं नाही, मग मागच्या खुर्च्यांवरून हसू सुरू झालं आणि पुढं सरकत आलं. आईला वाटलं आपलं काहीतरी बोलायचं चुकलं. ती सगळ्यांकडे बघून हसली. नानांनी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "द्रौपदाबाई, ही कादंबरी लिहिली कुणी? इतकं वाईट मी कधी लिहीत नाही." कार्यालय कोसळलं. नानांनी त्या हशात मला शोधलं. त्यांचे खांदे हलत होते. मग गुरुजींना म्हणाले, बाईंना खरं वाचून दाखवा, आपल्या घरचं त्यांना कळायला नको का.

गुरुजींनी वाचलं. वाचतात छान. आई नारळ मांडीवर धरून ऐकत होती. शेळीच्या मुलाखतीला तीसुद्धा हसली. खरंच हसली, दादा. मला एक क्षण वाटलं, निभावलं. ती हे सगळं पोटात घालील, घरी जाऊन नानांना चार शिव्या देईल आणि आपण दोघी हसू.

मग ते प्रकरण आलं. मागे मी ज्याबद्दल लिहिलं नव्हतं ते.

माझा पदवीचा कागद आला त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. आईनं हात धुतले, पुसले आणि कागद धरला. तिनं तो उलटा धरला होता. मी तो सरळ करून दिला नाही. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "तेजे, ह्यात माजं नाव कुठं हाय गं?" मी म्हटलं, आई, आईचं नाव नसतं त्यात. ती म्हणाली, "आसूं दे. छापायचं ऱ्हायलं आसंल." आणि कागद मला परत दिला. त्यानंतर ती त्याबद्दल कधीही बोलली नाही, धोंडाबाईजवळसुद्धा नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. नानांना सांगितलं. पुस्तक पुन्हा अडलं होतं, मी आणलेल्या बाकीच्या गमतींना ते नुसतं हं हं करत होते आणि मला त्यांचे खांदे हलवायचे होते. मी ते नीट जुळवून सांगितलं. उलटा धरलेला कागद आधी सांगितला. 'छापायचं ऱ्हायलं आसंल' शेवटी ठेवलं.

पुस्तकात कुंती मग त्या कागदाची नवी नक्कल उलटी धरून कचेऱ्या कचेऱ्या फिरते, प्रत्येक कारकुनाला विचारते, माजं नाव कुठं हाय. शेवटचा कारकून म्हणतो, बाई, तुमचं नाव तेवढं शेळीनं चावून खाल्लं, बाकीचं नुसतं गिळलं.

'छापायचं ऱ्हायलं आसंल' हे गुरुजींनी आईचा आवाज काढून म्हटलं. आईनं नानांकडे बघितलं नाही. गुरुजींकडे नाही, हसणाऱ्यांकडे नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. ती रागावली नव्हती. भर बाजारात आपलं गाठोडं कुणाच्या हातात दिसलं की माणूस आधी ओळख पटवतो, तसं ती बघत होती. ओळख पटल्यावर तिनं मान खाली घातली आणि नारळाची शेंडी सारखी करत बसली.

मी उठून बाहेर आले. स्टेजवर गेले नाही. तिला तिथून उठवून आणलं नाही. मागच्या दारी सरूबाई जेवणाची भांडी मोजून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्या पयल्या पुस्तकात माजी आई हाय. ती त्याच साली गेली. तवापासनं म्या वाचत न्हाय." मग म्हणाल्या, जेवून जा.

घरी आल्यावर आईनं शाल घडी घालून माझ्या पुस्तकांवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "तू चहा घेणार आहेस का?"

मला आधी समजलंच नाही ती कुणाशी बोलतेय. मी म्हटलं, आई, असं काय बोलतेस. ती म्हणाली, "काही नाही. पाणी तापले आहे." पाणी म्हणताना ती थांबली, 'ण' जुळवला आणि मग म्हणाली. टीव्हीवरच्या बातम्यांत बोलतात तसं, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. मला वाटलं रुसली आहे, चार दिवसांत जाईल. गेलं नाही. धोंडाबाई ओट्यावर आली की तिचं लई, व्हतं, आगं बया असं सगळं मला आतून ऐकू येतं. मी उंबऱ्यात आले की दोघी गप्प होतात आणि आई म्हणते, "तेजस्विनी, काही हवे आहे का?" आयुष्यात तिनं मला तेजस्विनी म्हटलं नव्हतं. चिंगीशी ती आता बोलतच नाही. दावं धरून मुकाट नेते, मुकाट आणून बांधते. मी घरात नसते तेव्हा बोलत असेल तर मला माहीत नाही.

मी तिची माफी मागितली. सगळं सांगितलं, वाचलेलं खोटं, सांगितलेलं खरं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरे. तुझे काम आहे ते."

मी नानांकडे जायचं सोडलं. परवा त्यांनी जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला: नवीन पुस्तक सुरू करतोय, ये, आणि आई आता काय म्हणते ते घेऊन ये. दादा, तुझ्यापासून काय लपवू. निरोप ऐकला आणि मनात वाक्य तयार झालं, 'आई हल्ली छापील बोलते.' 'पाणी' कुठं ठेवायचं, 'तेजस्विनी' कुठं ठेवायचं, सगळं जुळलं. नानांचे खांदे मला दिसले. मी गेले नाही. पण ते वाक्य अजून तसंच आहे, आणि या पत्रात मी ते सगळं त्याच क्रमानं तुला लिहिलं आहे, हे आत्ता वर वाचताना माझ्या लक्षात आलं.

तुला काही कळवायचं आहे का म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही सर्व सुखरूप आहोत असे लिही."

तू जमेल तेव्हा ये. तू आलास की मी वावरात निघून जाईन, दिवे लागेपर्यंत येणार नाही. तिला बोलू दे. हवं तेवढं बोलू दे, तुझ्याशी ती तिच्यासारखी बोलेल. मी परत आले की मी तुला विचारीन, काय म्हणाली आई. मी विचारीनच.

मला सांगू नकोस.

तुझी,
तेजस्विनी